मुळशी आणखी किती वेळा बुडवणार?

पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे. मॉल आहे, आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, संध्याकाळी सातला कारमध्ये बसून आयुष्याचा विचार करायला भरपूर वेळ मिळतो. मुंबईतही सेनापती बापट मार्ग आहे. दादरहून लोअर परळकडे जाताना जुन्या गिरण्यांच्या पट्ट्यात आता उंचच उंच टॉवर दिसतात, ते त्याच रस्त्याला. या दोन्ही शहरांत नोकरी केलेल्या माझ्या मित्रांना मी एकदा विचारलं, हे बापट कुठले सेनापती? कुणी म्हणालं पेशव्यांचे, कुणी म्हणालं आझाद हिंद सेनेतले. एकाने प्रामाणिकपणे फोन काढून शोधलं.

पांडुरंग महादेव बापट हे कुठल्याच राजाचे सेनापती नव्हते. त्यांचं सैन्य म्हणजे मुळशीचे शेतकरी. आणि ते ज्याच्याविरुद्ध लढले, ते धरण मुंबईला वीज देण्यासाठी बांधलं जात होतं. ज्या शहरांसाठी मुळशी बुडाली, त्याच शहरांनी त्या माणसाचं नाव रस्त्याला दिलं आणि विषय संपवला. हा लेख तो विषय संपलेला नाही हे सांगण्यासाठी आहे.

आधीच सांगून टाकतो: मी या भांडणात तटस्थ नाही. आमचं गाव पौडच्या पुढे आहे. माझ्या आजीच्या वडिलांची भातखाचरं धरणाच्या पाण्याखाली आहेत. मी इंजिनिअरिंगला गेलो त्या वर्षी वडिलांनी दोन एकर विकली. त्यातून माझी चार वर्षांची फी भरली, बहिणीचं लग्न झालं आणि उरलेल्यातून आज मी राहतो त्या फ्लॅटचं डाउन पेमेंट झालं. म्हणजे मी कोड लिहितो तो मुळशीची जमीन विकून शिकलेला आहे, आणि लिहितो तेही मुळशी तालुक्यातच बसून. कारण हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे, हे तिथे रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसतं.

•••

गेल्या जूनमध्ये आमच्या ऑफिसात पर्यावरण सप्ताह झाला. प्रत्येकाला बांबूचा टूथब्रश आणि कुंडीत लावायचं एक रोप मिळालं. एका तज्ज्ञांचं व्याख्यान झालं, ‘सस्टेनेबल सिटी’ नावाचं. स्लाइडवर हिरव्या भिंतींच्या इमारती होत्या, सायकली होत्या, सोलर पॅनेल होते. शेवटच्या स्लाइडवर सूर्यास्ताच्या प्रकाशात एक निळाशार तलाव. मी तो तलाव ओळखला. मुळशी धरणाचा जलाशय होता तो. आजीला एसटीने माहेरी नेताना ती खिडकीतून बोट दाखवायची, “त्या तिथं खाली आपली शेतं होती बघ.” लहानपणी मला वाटायचं, पाण्यात शेती करत असतील.

त्या व्याख्यानात सगळं होतं. फक्त शहर पाणी कुठून आणतं, वीज कुठून आणतं आणि घाण कुठे सोडतं, एवढंच नव्हतं. माझं भांडण त्या टूथब्रशशी नाही. मी तोच वापरतो. माझं भांडण या समजुतीशी आहे की शहर हिरवं झालं म्हणजे शाश्वत झालं. एखाद्या घरात लख्ख स्वच्छता असेल, पण कचरा रोज शेजाऱ्याच्या अंगणात जात असेल, तर त्या घराला आपण नीटनेटकं म्हणत नाही. दुसराच शब्द वापरतो. पुण्याच्या कचऱ्याचं काय झालं ते फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या लोकांना विचारा. मी पाण्याबद्दल बोलतो, कारण ते मला जवळून माहीत आहे.

•••

शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट थोडी नीट सांगायला हवी, कारण ती आजच्या भाषेत ऐकली तर ओळखीची वाटते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. शहरावर धुराचं छत असे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस अडवायचा, घाटाखाली कोकणात सोडायचा आणि त्या उताराच्या जोरावर वीज करायची, अशी टाटांची योजना होती. खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. तिसरं भिऱ्याचं. त्यासाठी नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून, घाट फोडून, सुमारे पाचशे मीटर खाली पाणी सोडायचं होतं. धूर नाही, कोळसा नाही, पावसाच्या पाण्यावर वीज. आजच्या भाषेत बोलायचं तर ग्रीन एनर्जी. आजचा कुठलाही सस्टेनेबिलिटी रिपोर्ट त्या योजनेला पैकीच्या पैकी मार्क देईल.

रिपोर्टात एवढंच सुटलं असतं, की त्या पाण्याखाली पन्नासहून जास्त गावं जाणार होती आणि सुमारे अकरा हजार माणसं. भात पिकवणारी, पिढ्यानपिढ्या तिथेच राहिलेली मावळी माणसं. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी ती धरणाच्या कामावर जाऊन बसली. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. काम काही काळ थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा सत्याग्रह झाला. बायका-पुरुष तुरुंगात गेले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलं, त्यात त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलंय.

लढा हरला. का हरला, ते महत्त्वाचं आहे. कंपनीच्या मागे सरकार होतं हे एक कारण. दुसरं कारण पुण्यात होतं. त्या जमिनींचा मोठा हिस्सा पुण्याच्या सावकारांच्या हातात गेलेला होता. कसणारा मावळात, मालक शहरात. कसणाऱ्याला जमीन हवी होती, मालकाला भरपाईचा चांगला भाव. शहरातल्या पुढाऱ्यांमध्ये हळूहळू भाव वाढवून घेण्याची भाषा सुरू झाली, आणि ‘जान किंवा जमीन’ म्हणणारे एकटे पडले. बापट शेवटपर्यंत हटले नाहीत, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. भिऱ्याचं केंद्र १९२७ मध्ये सुरू झालं. मुंबईचे दिवे लागले.

मला या गोष्टीत खलनायक शोधण्यात रस नाही. मुंबईला वीज लागत होती हे खरंच होतं. कोळशाचा धूर वाईट होता हेही खरं. रस मला त्या पद्धतीत आहे: शहराला एक गरज आहे, गरज खरी आहे, तिच्यावरचा उपाय स्वच्छ आणि आधुनिक आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी भरायची आहे. ही पद्धत शंभर वर्षांत बदललेली नाही. फक्त तिचं नाव बदलतं. तेव्हा राष्ट्राची प्रगती होतं, आज शाश्वत विकास आहे.

•••

दुसऱ्यांदा मुळशी बुडाली ती पाण्यात नाही, पैशात.

लवासा आठवतं? वरसगाव धरणाच्या काठी, मुळशीच्या डोंगरांत, इटलीतल्या बंदरासारखं दिसणारं शहर. नियोजनबद्ध, निसर्गाच्या सान्निध्यात, पर्यावरणपूरक, हे सगळे शब्द तेव्हाच्या जाहिरातींत होते. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, वर्षभराने अटींवर परवानगी मिळाली, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. डोंगर मात्र कापून झाले होते. ते कुठल्याच न्यायाधिकरणात जाऊन परत मिळत नाहीत.

लवासा मोठं होतं म्हणून डोळ्यांत आलं. त्याच्या मागोमाग छोटी छोटी हजार लवासं आली. एनए प्लॉट, वीकेंड होम, फार्म व्हिला, ‘पुण्यापासून फक्त एक तास’. आमची विकलेली दोन एकर तशाच एका प्लॉटिंगमध्ये गेली. तिथे आता एक सुंदर बंगला आहे. दगडी भिंत, मागे बांबू, छपरावर सोलर पॅनेल. आणि पोहण्याचा तलाव. महिन्यातून दोनदा तिथे माणसं येतात. तलाव मात्र तीसही दिवस भरलेला असतो, बोअरच्या पाण्यावर. आमची उरलेली विहीर त्या बोअरपासून हाकेच्या अंतरावर आहे. पूर्वी ती मेअखेरीपर्यंत पाणी द्यायची, आता एप्रिलमध्येच तळ दिसतो.

यात चमत्कार काही नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण, बेसॉल्ट, स्पंजासारखा पाणी धरून ठेवत नाही. पाणी राहतं ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्ये, थोडंसंच. वर कितीही पाऊस पडो, उतारावरून ते धावत सुटतं. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, देशातल्या अनेक जिल्ह्यांत वर्षभरातही एवढा होत नाही. त्याच दिवशी पुण्यात एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. त्याच तालुक्यात नऊ महिन्यांनी बायका हंडा घेऊन टँकरची वाट बघतात. त्या भेगांमधल्या थोड्याशा पाण्यात कुणी खोल नळी घालून तलाव भरला, तर शेजारची विहीर आटणारच. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा आहे. आमच्या गावात तो कुणी पाहिलेला नाही. बोअरची गाडी मात्र सगळ्यांनी पाहिली आहे.

‘मुळशी पॅटर्न’ सिनेमा आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा पोरगा गुन्हेगार होतो, ही गोष्ट भिडली. पण सगळीच पोरं गुन्हेगार होत नाहीत. काही इंजिनिअर होतात आणि त्यांना वाटतं आपण सुटलो. मलाही वाटलं होतं.

•••

माझा चुलतभाऊ टँकर चालवतो. आमच्याच तालुक्यातल्या विहिरींवरून भरतो आणि पुण्याच्या पश्चिमेच्या सोसायट्यांना पोचवतो. एका एप्रिलमध्ये मी संध्याकाळी खाली उतरलो तर आमच्या सोसायटीच्या गेटवर तो उभा. वॉचमन त्याच्याकडून रजिस्टरमध्ये नाव, गाडी नंबर आणि येण्याचं कारण लिहून घेत होता. मला बघून दादा हसला.

“बघ की, आपल्या इहिरीचं पाणी तुज्या टाकीत, आन् मलाच इचारत्यात, कशाला आलास.”

मी हसलो. वर आलो, शॉवर सुरू केला आणि माझं हसू थांबलं.

आमची सोसायटी महापालिकेत अलीकडेच आलेल्या एका गावात आहे. २०२१ मध्ये तेवीस गावं पुण्यात घेतली, त्यात मुळशीकडची सूस, म्हाळुंगे, बावधनही आली. नकाशावर शहर मोठं झालं, नळाला पाणी मात्र आलं नाही. इमारतींना परवानगी कशी मिळाली? पालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही पाणी पुरवू, असं हमीपत्र बिल्डर देतो. मग ताबा दिला जातो, सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या प्रोजेक्टला जातो आणि हमीपत्र फायलीत राहतं. त्यानंतर पाणी पुरवतो माझा चुलतभाऊ.

मी कमिटीवर आहे, म्हणून आकडे माझ्याकडे आहेत. २४० फ्लॅट. उन्हाळ्यात रोज दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. म्हणजे दीड लाख लिटर, फ्लॅटमागे सव्वासहाशे लिटर. घरात सरासरी तीन माणसं धरली तर माणशी दोनशेच्या वर. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी पुरेसं आहे असा देशात सर्वमान्य निकष आहे, आणि त्यातले ४५ लिटर फ्लशसाठी धरलेले आहेत. फ्लशला पिण्याच्या पाण्याची गरज नाही. आमच्याकडे सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी आहे, फ्लशसाठी वेगळी पाइपलाइनही बांधतानाच टाकलेली आहे. एसटीपी चालवला तर गरज माणशी नव्वद लिटरवर येते. म्हणजे पंधराऐवजी सात टँकर.

एसटीपी बंद आहे. कारण तो चालवायला ऑपरेटर लागतो, वीज लागते, मध्येच वास येतो. मी वार्षिक सभेत दोन ठराव मांडले: एसटीपी दुरुस्त करून चालू करायचा आणि प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवायचा. बाल्कनीत कंपोस्ट करणारे, कापडी पिशवी नेणारे, मुलांना पर्यावरणाचे प्रोजेक्ट करून देणारे भले लोक त्या सभेत होते. दोन्ही ठराव पडले. एक काका म्हणाले, “आपण पैसे देऊन पाणी घेतो. मोजायचं कशाला?”

या एका वाक्यात आपल्या शहराचं सगळं पर्यावरण धोरण आहे. पैसे दिले की मोजायचं कारण नाही. आणि ते कुठून आलं हे विचारायचं तर मुळीच कारण नाही.

•••

आता शहराच्या पातळीवर तेच गणित करू.

पुण्याला पाणी देणारी चार धरणं: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चौघांची मिळून क्षमता २९ टीएमसी. हे पाणी फक्त पुण्याचं नाही, खाली दौंड-इंदापूरपर्यंतची शेती त्यावर आहे. पुणे वर्षाला वीस टीएमसीच्या वर उचलतं, मंजूर कोट्यापेक्षा जास्त, आणि दरवर्षी त्यावरून जलसंपदा खातं आणि महापालिका यांची जुगलबंदी होते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. वीस टीएमसीचे दिवसाला साधारण १५५ कोटी लिटर होतात. लोकसंख्या पन्नास लाख धरा, माणशी ३१० लिटर. उदारपणे सत्तर लाख धरा, तरी २२० च्या वर. निकष १३५ चा. सत्तर लाख माणसांना निकषाने पाणी दिलं तर वर्षाला सव्वाबारा टीएमसी पुरतं. वाटेतल्या गळतीसाठी पाचवा हिस्सा सोडला तरी सोळा टीएमसीच्या आत भागतं.

मग तरी पाणी पुरत का नाही? कारण २२० लिटर सरासरी आहे आणि सरासरी कुणाच्याच नळाला येत नाही. पेठेत धो धो येतं, टेकडीवरच्या वस्तीत तासभर, आमच्याकडे शून्य. आणि साधारण चाळीस टक्के पाणी गळती आणि चोरीत जातं असं पालिकेचे अधिकारीच वर्षानुवर्षं सांगत आलेत. वीसातले आठ टीएमसी. टेमघर धरणाची क्षमता ३.७१ टीएमसी आहे. म्हणजे मुळशी तालुक्यात जमिनी बुडवून बांधलेल्या टेमघरासारखी दोन धरणं आपण दरवर्षी जमिनीत आणि गटारात जिरवतो.

आणि एवढं झाल्यावर मागणी काय येते? ‘मुळशी धरणाचं पाणी पुण्याला द्या.’ दर उन्हाळ्यात येते. पक्ष कुठलाही असो, निवडणूक कुठलीही असो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तो मेसेज फिरतो, बंद एसटीपीच्या तक्रारीच्या बरोबर खाली.

या मागणीची बाजू मी हलकी करून मांडणार नाही, कारण ती हलकी नाही. मुळशीचं पाणी मूळचं भीमा खोऱ्यातलं. ते पूर्वेला वाहायचं, आपण घाट फोडून पश्चिमेला वळवलं. वीज आता सूर्यापासून, वाऱ्यापासून करता येते, पाणी कशापासूनच करता येत नाही. तिकडे सोलापूर तहानलेलं असताना इकडे अठरा-वीस टीएमसीचं धरण टर्बाइन फिरवायला का वापरायचं? प्रश्न बरोबर आहे. माझ्या मते आज ना उद्या त्या पाण्याचा काही भाग पूर्वेला वळेलच. त्यातही एक गुंता आहे: भिऱ्याला सोडलेलं पाणी कुंडलिका नदीत जातं आणि शंभर वर्षांत खालच्या लोकांचं आयुष्य त्याभोवती बांधलं गेलंय. कोलाडला राफ्टिंगला गेला असाल तर ज्या पाण्यात तुम्ही ओरडत होता, ते मुळशीचं होतं. एकदा वळवलेली नदी परत वळवताना नव्याने कुणाचं तरी बुडतं.

पण समजा वळवली. मग त्या पाण्यावर पहिला हक्क कुणाचा? माझं उत्तर स्पष्ट आहे. पहिला, धरणाच्या काठावर राहून उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावांचा. दुसरा, खालच्या कोरड्या तालुक्यांचा. पुण्याचा नंबर शेवटचा, आणि तोही आपल्या वीस टीएमसीचा हिशेब दिल्यानंतर. फुटक्या माठात पाणी ओतणाऱ्याला शेजारणीने दुसरी कळशी का द्यावी? आधी माठ बुजव म्हणायला हवं.

पुणे हे पाणी परत कसं करतं, तेही बघा. शुद्ध केलेलं साडेसहा टीएमसी पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून शेतीसाठी कालव्यात सोडायचं, असं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात किती शुद्ध होतं, ते बंडगार्डनच्या पुलावर उभं राहून नाकाला विचारा. मुळा मुळशीच्या डोंगरात उगम पावते तेव्हा तिचं पाणी ओंजळीने पिता येतं. पुण्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्यात जनावर उतरवायला शेतकरी दहा वेळा विचार करतो. मधलं अंतर काही फार नाही, साधारण एका वीकेंडच्या ड्राइव्हचं.

•••

“एवढं सगळं सिस्टमचं काम आहे, मी एकटा काय करणार?” हा प्रश्न मला माझेच मित्र विचारतात. याचं उलटं उत्तर देणारेही आहेत: दात घासताना नळ बंद करा, बादलीने अंघोळ करा, जग वाचेल. मला दोन्ही उत्तरं सोयीची वाटतात. पहिलं आळशाच्या सोयीचं, दुसरं सरकारच्या.

बादलीने अंघोळ चांगलीच. पण तुमच्या बादलीतून वाचलेलं पाणी शेजारच्याच्या कार धुण्यात जाणार असेल आणि कुणीच काही मोजत नसेल, तर तुमच्या त्यागाचा पत्ता कुणालाच लागत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट पहिल्या वर्षात शिकतो: ज्याचा लॉग नाही, तो बग सापडत नाही. माणूस आणि सरकार यांच्या मध्ये एक पातळी आहे, जिथे तुमचा हात पोचतो: सोसायटी, ऑफिस, प्रभाग. तिथे ठराव मांडता येतो, मत देता येतं, हरता येतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा मांडता येतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक फ्लॅटला मीटर, आणि १३५ लिटरच्या पुढे दर चढता. जो एसटीपी कागदावर आहे तो चालू आहे की नाही याची पालिकेने दर वर्षी तपासणी करावी, बंद असेल तर त्या सोसायटीला टँकर बंद. नळाचं पाणी पोचलेलं नसताना नव्या इमारतीला ताबा नाही, हमीपत्राचा खेळ बंद. मुळशीतल्या प्रत्येक बोअरची नोंद, आणि वीकेंडच्या तलावांना भूजल नाही. पोहायचंच असेल तर छपरावरचं पावसाचं पाणी साठवा, मुळशीत त्याची टंचाई नाही. आणि शहराने मुळशीच्या धरणाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या गळतीचा आकडा दरवर्षी जाहीर करावा आणि तो कमी होताना दाखवावा.

यातलं काहीही क्रांतिकारक नाही. यासाठी नवं धरण लागत नाही, नवं तंत्रज्ञान लागत नाही, कुणाची जमीनही लागत नाही. कदाचित म्हणूनच याचं उद्घाटन करायला कुणी येत नाही. २०२३ मध्ये सह्याद्रीत भिवपुरी आणि शिरवट्याला मिळून २,८०० मेगावॉटच्या पंप स्टोरेज प्रकल्पांचा करार झाला. सौर वीज रात्रीसाठी साठवायला असे प्रकल्प लागतील, हे मला मान्य आहे. पण हिरव्या कारणासाठी पुन्हा सह्याद्रीच्याच माथ्याकडे बघताना शंभर वर्षांपूर्वीची फाइल एकदा उघडून बघायला हवी. तेव्हाही कारण स्वच्छच होतं.

•••

गावी गेलो की वडील अजून उरलेल्या एकरात भात लावतात. मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण आंबेमोहर वाऱ्याने आडवा होतो आणि उतारा कमी देतो, म्हणून बहुतेक खाचरात इंद्रायणी असतो. थोडा आंबेमोहर घरापुरता. यंदा लावणीला मी दोन दिवस रजा टाकून गेलो. चिखलात पाय रुतवून उभा होतो, पाऊस मारत होता, पलीकडे त्या बंगल्याच्या तलावात पावसाचे थेंब पडत होते. दादाही मदतीला आला होता. पावसाळ्यात टँकरला काम नसतं.

मी त्याला म्हटलं, “पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीची सभा आहे. परत मीटरचा ठराव मांडतोय. झाला पास तर तुझा धंदा निम्म्यावर येईल.”

त्याने आवणाची मूठ चिखलात खोचली आणि कंबर सरळ केली.

“येऊ दे की. इहिरीत पाणी ऱ्हायलं तर मी काय उपाशी मरतो व्हय? आटली तर टँकर तरी कशानं भरू?”

सेनापती बापट रस्त्यावर सिग्नलला उभे असाल तेव्हा एकदा ती पाटी वाचा. मग घरी जाऊन सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा: आपलं पाणी कुठून येतं, रोज किती येतं आणि वापरून झाल्यावर कुठे जातं? तीन प्रश्न आहेत. उत्तरं मिळाली नाहीत तर पुढच्या सभेत ते लेखी द्या. आमची सभा दुसऱ्या रविवारी आहे. मागच्या वेळी माझ्या बाजूने एकवीस मतं पडली होती. या वेळी मी घरोघरी जाऊन आलोय.